दुसऱ्या प्रतीचा माल

वूच शहरात विटांना तोटा नाही,
तरी मी चार दिवस हीच भिंत गाठतोय,
बंद गिरणीच्या मागची, उत्तरेकडची,
जिच्यावर ऊन कधी थेट येत नाही
आणि मार्चचा वारा तिपाईच्या पायात घुटमळत राहतो.

तीन भिंगं आहेत, तिन्ही स्वस्तातली.
एक नवं, प्लास्टिकच्या गळ्याचं, इतकं हलकं
की खिशात आहे ना, हे चाचपावं लागतं.
दुसरं विल्नियसहून आलं, जुन्या टॉवेलात गुंडाळून;
झूमची कडी फिरवली की दाताखाली वाळू आल्यासारखी करकरते.
तिसरं मेहुण्याचं. आवडलं तर घे म्हणाला,
त्याचेही हप्ते अजून फिटलेले नाहीत.

मला एकच परवडेल. नऊशे झ्वॉटी, त्यात बसेल ते.
मी विकाऊ घरांचे फोटो काढतो:
अठ्ठावीस चौरस मीटर,
ज्यांनी दिवाणखाना असल्यासारखं वागायचं असतं.

दहा सेकंदांचा टायमर. श्वास रोखून.
एफ साडेचार. मग आठ. मग अकरा.
भिंग उतरव, टोपण दातात धर, पुन्हा.
मधोमध तिन्ही सारखीच शहाणी:
विटेवरचा भट्टीचा शिक्का वाचता येतो,
चुन्यातला केसाएवढा तडा दिसतो.
पण कोपऱ्यात गेलं की
एकाच्या विटा साबणाच्या वड्यांसारख्या झिजतात,
दुसऱ्याच्या जांभळी कड धरतात,
तिसऱ्याचा उजवा कोपरा लख्ख, आणि डावा
कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखा.

"भिंत मोजतोस की काय?"
मागे लेओकाद्याबाई,
हातात पट्टा; कुत्रा केव्हाच पुढे गेलेला.
मी सांगितलं. लॅपटॉपवर मोठं करून दाखवलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याला नाक लावलं.
एकतीस वर्षं त्या याच भिंतीआड
दिव्याच्या टेबलावरून कापड सरकवत होत्या,
सुटलेला धागा दिसला की खडूची फुली.

"मधलं काय दाखवतोस?
मधलं सगळ्यांचंच चांगलं निघतं. काठ दाखव."
आणि कुठला फोटो कुठल्या भिंगाचा, हे न विचारता
त्यांनी तिसऱ्याच्या डाव्या बाजूवर बोट टेकवलं.
"इथं माग तिरका बसलाय."

मेहुणा दोन वर्षं समजतोय
की त्याचा हात थरथरतो.

मग मी आठचे फोटो उघडले. त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"ही तिन्ही एकाच ठाणातली. मग भांडण कशाचं?"
अंधाराचं, मी म्हणालो. घरं अंधारी असतात,
आठवर शटर फार वेळ उघडं ठेवावं लागतं, हात हलतो.
"तिपाई तर उभीच आहे," त्या म्हणाल्या.
मला उत्तर सुचलं नाही.

"माझाही एक काढ."
मी म्हटलं मध्ये उभ्या राहा, कडेला चेहरा ताणला जातो.
"माझं टेबल डावीकडचं होतं, शेवटचं,"
आणि चालत जाऊन तिथेच उभ्या राहिल्या.
कॅमेऱ्यावर मेहुण्याचं भिंग, साडेचारवर उघडं.
बदलावं म्हणून हात गेला,
तेवढ्यात कुत्रा परतला, टायमर सुरू झालेला होता.

नवं, हलकं ठेवलं मी. उरलेली परत केली.
मेहुण्याला हाताबद्दल सांगितलं; त्याचा विश्वास बसला नाही.

रविवारी फोटो छापून नेला.
कुत्रा बरोबर मधोमध, मिशीचा केस न् केस मोजावा असा.
बाई काठाला, पावासारख्या रुंद,
कोटाची बटणं अंड्यासारखी, डोळे नुसते दोन सावल्या.
त्यांनी चष्मा वर सरकवला.
उजवा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला.
"दुसऱ्या प्रतीचा माल," म्हणाल्या,
"हा आम्हाला घरी न्यायला मिळायचा,"
आणि घडी न पडेल असा, बटाट्यांच्या वर,
पिशवीत ठेवला.