चुलतभाऊ

शटर अर्धं खाली आलं की इंदुलकर येतात.
विक्रोळी, कन्नमवार नगर, आमचं मेडिकल,
आत गालाशेठ गल्ला मोजत असतात.
आठ घड्यांची चिठ्ठी, घामाने मऊ.
"चुलतभावाची आहे," म्हणतात.
चिठ्ठीवर नाव: सदाशिव इंदुलकर, वय ४७.
मी वाचतो. वाचलं नाही असं करतो.

"झोपेच्या ना या? सवय लागेल त्याला."
झोपेच्या नाहीत, म्हटलं. दारूसारखी सवयही नाही.
पण भावाला सांगा, तीन-चार आठवडे धीर धरायचा,
ताप उतरवायची गोळी नव्हे ही.
त्यांनी भावाच्या वतीनं मान हलवली
आणि काळी पिशवी मागितली.

मग दर महिन्याला भावाची खुशाली.
भाऊ डेपोत बसखाली शिरला
आणि पाना छातीवर घेऊन तासभर तसाच पडून राहिला.
रडत वगैरे नाही हो तो,
भाजीत मीठ नाही हे त्याला कळत नाही, एवढंच.
वहिनी म्हणतात, पर्मनंट नोकरी, स्वतःची खोली,
पोरगी डिप्लोमाला, ह्यांना दुःख कसलं?
मेहुण्याच्या हळदीत तर नाचले की!
"नाचला खरा," इंदुलकर म्हणाले,
"पाय नाचत होते."

एकदा म्हणाले, भाऊ हल्ली दाढी करतो.
हनुवटीखाली ताजं कापलेलं,
त्यावर पेपरचा चिटोरा.

गणपतीनंतर आलेच नाहीत.
दिवाळी उलटली तेव्हा आले,
पुसलेल्या पाटीसारखे.
"बरं वाटत होतं त्याला. बंद केल्या.
कुणी म्हणालं, मन घट्ट केलं की झालं."
ते गल्ल्यावरच्या लिंबू-मिरचीकडे बघत होते.
चिठ्ठी जुनी झाली, मी म्हटलं,
आधी डॉक्टरांकडे पाठवा त्याला.
रागावत नाहीत ते. पाठवा.

गुरुवारी नवी चिठ्ठी आली. घड्या चारच.
मी खालचा खण उघडला,
दोन स्ट्रिपा काढल्या,
एक त्यांच्यासमोर ठेवली, एक स्वतःच्या खिशात,
आणि वहीत माझ्या नावावर मांडली.
त्यांनी पाहिलं.
"माझाही एक चुलतभाऊ आहे," मी म्हणालो.

बराच वेळ फक्त फ्रिजचा आवाज.

"कसा आहे?"
"सहा वर्षं झाली. दुकान उघडतो, बंद करतो.
परवा हापूसचा भाव विचारून आला."

इंदुलकर हसले नाहीत. पिशवी राहू दे म्हणाले.
मग शटरला हात लावला,
एका बाजूनं ते, एका बाजूनं मी.
नेहमीसारखं मध्येच अडकलं.