एकास बहात्तर

पार्सल तीन महिन्यांनी आलं, एका कोपऱ्यात चेपलेलं.
तिमांडे पोस्टमन कानाशी हलवून म्हणाला,
"वाजते बा आतून. फुटलं वाटते."
फुटलेलंच असतं, म्हटलं. जोडायलाच तर मागवलं.

मी व्रणोपचारक. हा शब्द फक्त पगारपत्रकात राहतो,
गावात मी ढोरांचा कंपाउंडर.
दिवसभर बैलांचे खूर, अंग बाहेर आलेली म्हैस,
आर्वीहून आलेली लसीची थंड पेटी.
रात्री दवाखान्याच्या मागच्या खोलीत
टाक्यांचा चिमटा उकळून घेतो
आणि करड्या प्लास्टिकच्या चौकटीतून
एकेक पंख सोडवतो,
नाळ कापावी तसा, थोडी जागा ठेवून.

लढाऊ विमानं मला नकोत. प्रवासी तर नकोतच.
मला ती हवीत जी एखाददुसरीच बनली,
ज्यांना धाकटी भावंडं झाली नाहीत.
एक भाकरीसारखं गोल.
एक शेपटीवर उभं, आभाळाकडे तोंड करून.
एकाचा पंख उडता उडता तिरपा फिरायचा,
अडकित्ता उघडावा तसा.
कोणीतरी कागदावर काढलं, कोणीतरी भीत भीत आत बसलं,
उडालंही. मग साहेबांनी फाईल बांधली.

या वेळचं तर सगळंच वाकडं.
इंजिन मधोमध, आणि माणसं बसायची काचेची खोली
बाजूला, उजव्या पंखावर.
शेपटीचा आडवा पंख फक्त डावीकडे.
मी कागद दोनदा उलटून पाहिला,
छपाई चुकली असेल म्हणून.

सुभद्राबाई नेहारे साडेनऊला आली, हातात रिकामी बाटली,
गोचिडाचं औषध पाहिजे.
दारातच थांबली.
"हे काय होय?"
विमान.
"अर्धंच?"
पुरं आहे. असंच होतं.
"उडे?"
उडे म्हणतात. सरळ उडे.
तिनं बाटली खाली ठेवली आणि उकिडवी बसली,
गाय व्यायला बसली की बसतात तशी,
घाई नसल्यासारखी.
"मायी चांदी बी तशीच," ती म्हणाली.
"तिरपी चालते. पण कोठ्यात बराबर येते."

चांदी, पांढरी गवळाऊ, डावा खांदा बसका.
तीन वेत झाले तिचे.
सात वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात, पान मला माहीत आहे,
जन्मजात व्यंग. जगवण्यात अर्थ नाही.
सही डॉक्टरांची, अक्षर माझं,
आणि खरं सांगायचं तर शब्दही माझेच.
सुभद्राबाईला वाचता येत नाही.
पण त्या दिवशी मी ते मोठ्यानं बोललो होतो.

लाईट गेली.
तिनं मोबाईल उचलला, टॉर्च लावला,
कुठं धरायचा ते मला विचारलं नाही.
भिंतीवर, लसीच्या फ्रिजवर, पार छतापर्यंत
ते वाकडं विमान चढत गेलं.
आतला माणूस पेटीत नव्हताच.
चेपलेल्या कोपऱ्यातून कुठल्याशा बंदरात सांडला असेल.
बहात्तरात एक म्हणजे बसलेला माणूस नखाएवढा.
चुलीजवळची पऱ्हाटी घेतली, ब्लेडनं तासली,
डोकं झालं, खांदे झाले.
"याचा बी एक खांदा उतरला," ती म्हणाली.
राहू दे, म्हटलं.

गेली तेव्हा बाटली विसरून गेली.
सकाळी मीच नेऊन देणार होतो, मग गारठा होता,
मग कोणाची तरी शेळी आली.

शेपटीचा डिंक रात्रीत वाळला, जरासा कलून.
चिमट्यानं सुटला असता.
आधीच वाकड्या असलेल्या वस्तूत तेवढी चूक
कोणाला दिसणार नाही.
सुभद्राबाईला दिसेल.