मोजलेलं ऊन

सकाळी साडेसात. वजन एकसष्ट किलो चारशे.
सिस्टर जसिंता वहीत लिहिते,
माझ्या घोट्यावर अंगठा दाबते, सोडते,
अन् खळगा भरून येईस्तोवर थांबते.
आज लवकर भरला, म्हणते.

मग लाकडाची खोली, गाभाऱ्याएवढी.
देव नाही. एक बाकडं,
आणि भिंतीवर काटा: साठ.

बाहेर दुपारी शेहेचाळीस होईल.
लोक तोंडाला दुपट्टे गुंडाळतील, खिशात कांदा ठेवतील,
आणि मी ऑटोला सत्तर रुपये देऊन
त्याहून चौदा अंश जास्त घ्यायला आलो.

गिरजा पहिल्या दिवशी म्हणाली,
काहून बाप्पा, हे तर आपल्या गच्चीवर फुकट भेटते.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.
गच्चीवरचं ऊन कोणी मोजत नाही, म्हणाल्या,
ते माणसाला वेळेवर सोडत नाही.
तिथं जायचं नाही. इथं पंधरा मिनिटं, आमच्या डोळ्यांसमोर.
नसा सैल होतात, रक्ताची वाट रुंद होते,
दमलेल्या हृदयाला थोडं कमी ढकलावं लागतं.
गोळ्या सुटणार नाहीत,
हेही त्यांनी सांगितलं, दोनदा.

मी शालिक पौनीकर, कूलरवाला, गोळीबार चौक.
चाळीस उन्हाळे हे शहर गार करत फिरलो,
सायकलच्या कॅरियरला ताट्या बांधून,
बोटांना खसाचा वास, नखांत गंज.
टाकीत गाळ साचला, पाणी वर चढेना,
की मालकीण विचारायची, नवा पंप लागेल का?
मी म्हणायचो, जळला नाही जी, दमला आहे.
बाईंनी माझ्या इकोकडे बघून
हेच म्हटलं तेव्हा मला हसू आलं,
अन् मग बराच वेळ खोकला.

अठ्ठावीस टक्के.
शाळेत पस्तीसला पास करत होते.

पहिली चार मिनिटं काहीच नाही.
मग कानामागे एक थेंब,
मग गळ्याच्या खड्ड्यात, मग मोजता येत नाही.
समोरच्या बाकड्यावर उईके मास्तर बसायचे,
घाम पुसत उन्हाळी सुट्टीच्या गोष्टी सांगायचे.
मागच्या बुधवारपासून आले नाहीत.
सिस्टरला मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.

काचेवर टकटक. बाहेर.
आता अर्धा तास ब्लँकेट,
मे महिन्यात, नागपुरात, गळ्यापर्यंत ब्लँकेट!
मोहल्ल्यात बोलू नका कोणाला, गिरजाची ताकीद आहे.
पण आत कोणीतरी मूठ उघडल्यासारखं होतं.
रात्री तीन उशा लागायच्या, आता दोन.
दवाखान्याच्या जिन्यात चौथ्या पायरीला थांबायचो,
आता सातव्या.
एवढंच. याहून मोठं काही सांगण्यासारखं नाही.

पडल्या पडल्या व्हरांड्यातला कूलर ऐकू येतो.
डावीकडची ताटी कोरडी आहे,
वरच्या नळीचं एक भोक बुजलंय.
हे मला बघावं लागत नाही.

पुन्हा वजन: एकसष्ट दोनशे.
गेलेल्या दोनशे ग्रॅमचं पाणी
सिस्टर स्टीलच्या ग्लासात मोजून देते.
दिवसाला सव्वा लिटर मला, त्यात डाळ, त्यात चहा.
हा ग्लास त्या हिशेबाबाहेरचा आहे, माझ्या घामाचा.
मी तो उभ्यानं पीत नाही.
बसतो, अन् घोट तोंडात धरून ठेवतो,
गिरजा म्हणते, लहान पोरासारखा.

जाताना तिच्या अंबाड्यातली पिन मागितली.
झाकण उचललं, नळी चाचपली.
बारा भोकं, सातवं बंद.
सिस्टर ओरडली, पौनीकर, हात खाली!
पिन फिरवली. खरवडून पांढरा क्षार आला, खडूसारखा,
मग नुसतीच हवा,
मग एक बारीक धार, वाकडी,
वाळलेल्या गवतावरून चाचपडत उतरणारी.
तळाला पोचायला तिला वेळ लागला.
मी थांबलो.