वीस लिटर

भायखळ्याच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर,
दर शनिवारी तीन ते सहा
सातवी ‘ब’च्या बाकांत गुडघे न मावता
नवी मंडळी कशी लावायची ते आम्ही शिकायचो.
मंडळी लावायची. रोप लावतात तशी.
कसोटे बाई फळ्यावर एक कुंडी काढायच्या
आणि ती दर शनिवारी वाकडीच यायची.

प्रार्थनेला उभं राहिलो की कळायचं कोण कुठला.
जेबासिंग मोठ्यानं, पंख्याच्या खडखडाटाच्याही वर;
जिबिन कोशी आजोबांनी शिकवलेलं, अर्धं मल्याळममधून;
रेमेडियस आधी कपाळापासून क्रूस काढायचा
आणि सगळ्यांचं आमेन झाल्यावरही थोडा वेळ गप्प;
ऑर्पा मुक्तिफौजेची, सरळ, सावधान.
मी पुस्तकातलं म्हणायचे
आणि तरी पान चुकायचं.

बाईंनी रेमेडियसला विचारलं,
तुमचं देऊळ तर गावात पणजोबांच्या आधीपासूनचं, तू इथे कसा?
तो म्हणाला, देऊळ आहे बाई. माणसं कॅनडाला गेली.
मग म्हणाला, ती कुंडी पुसा.
गोराईला आमच्याकडे आवण लावतात
तेव्हा रोप उपटून मुळं पाण्यात खळबळतात,
जुनी माती झाडतात,
नाहीतर जुडी जड होते, बांधावरून नेववत नाही.
जिबिन म्हणाला, माझी माती दोन हजार वर्षांची आहे,
जरा हळू झाड.
आम्ही हसलो. तो हसला नव्हता.

सातव्या शनिवारी पाण्यावरून भांडलो.
शिंपडायचं की बुडवायचं.
तान्ह्याला की कळत्याला.
जेबासिंगनं बाकावर हात आपटला: बुडवल्याशिवाय नाही!
माझ्या बाबांवर पाळण्यातच शिंपडलं होतं.
मग ते काय, कोरडेच गेले?
हे मी ओरडून म्हणाले असेन, कारण खालून शिपाई वर आला.
ऑर्पा म्हणाली, आमच्यात पाणीच नाही,
आणि चहाचे कप गोळा करून धुवायला निघून गेली.

आठव्याला बाईंनी मानखुर्दला धाडलं,
पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीत.
पत्रकं नाहीत, गिटार नाही, उपदेश तर नाहीच.
दुपारभर बसा. ऐका. कुणाला काय लागतं ते वहीत लिहा.
लिफ्टच्या दाराला सायकलची साखळी.
जिन्यात काळोख, काळोखात कुणाचा तरी कोंबडा,
आणि पहिल्याच पायरीवर
सहाव्या मजल्याच्या हलीमाबी, पाच कॅन पुढ्यात घेऊन बसलेल्या.
वही जिबिनच्या पिशवीतच राहिली.

वीस लिटर म्हणजे किती, ते चौथ्या मजल्यावर कळतं.
कडी बोटांत रुतते, झाकण गळतं,
मागचा पुढच्याला सांगतो, हळू, हळू, सांडतंय.
माझ्या कॅनला हिसका बसला
आणि जेबासिंगचं डोकं, शर्ट, सगळं ओलं.
मी बघितलं. मी बघितलेलं त्यानंही बघितलं.
हे धरायचं नाही, तो म्हणाला,
आणि आम्ही कॅन टेकवून भिंतीला पाठ लावली,
धाप आणि हसू एकदम आवरेना.

हलीमाबींनी पिंप भरलं, वर फडकं बांधलं,
मग विचारलं, कुठल्या चर्चचे?
पाच तोंडांतून पाच नावं एकदम निघाली,
एकही धड ऐकू आलं नाही.
बरं, त्या म्हणाल्या. टँकर मंगळवारीही येतो.

दहाव्या शनिवारी प्रमाणपत्रं, समोसे.
प्रभुभोजन एकत्र झालं नाही.
बाईंनी भाकर आणलीही होती, पेपरात गुंडाळून,
ती तशीच परत नेली.
शेवटी छापील फॉर्म: किती मंडळ्या स्थापन झाल्या?
मी शून्य लिहिलं.
ऑर्पानं पेन घेतलं, शून्याच्या बाजूला बारीक अक्षरात: मंगळवार.

आता चार वाजता आम्ही जातो.
जेबासिंगची दुपारची पाळी, तो सकाळीच दोन कॅन वर ठेवून जातो.
जिबिन गेल्या दोन्ही वेळा आला नाही, फोन उचलतो मात्र.
कोंबडा जिन्यातच असतो.
आरवताना आम्ही तरी त्याला अजून ऐकलं नाही.