माय

बढतीच्या अर्जात एक रकाना:
'संशोधनाचा परिणाम, आकड्यांत.'

अल ऐनमधली दुपार, एसीची घरघर.
माझी विद्यार्थिनी मैथा व्हिडिओ मागे नेते पुन्हा.
हुमैद, वय चार. सात महिने
मोटारीचं एकच चाक फिरवत बसलेला.
मी चाकाशेजारी बसून राहिले, तेवढंच.
निबंधात त्याला लांबलचक नाव दिलंय.

मंगळवारी त्यानं माझी बाही ओढली,
म्हणाला, "माय."

इथल्या बोलीत माय म्हणजे पाणी.
सतरा वर्षं राहतेय, ठाऊक नाही का मला?
तरी पेला भरताना हात हलला,
फरशीवर सांडलं,
आणि त्यानं त्यात चाक बुडवलं.

मैथा टिपते: पहिला शब्द. अर्थ, पाणी.

मी रकान्यात लिहिते, एक.
खोडते.
लिहिते, अर्धा पेला,
उरलेलं फरशीवर.