फ्लॉप

अंधेरीत, जिथे पूर्वी शर्टाची बटणं बनायची त्या गाळ्यात
आता आम्ही लोकांना गहिवर आणतो.
खिडकीला काळं कापड, एसी सतरावर,
पडद्यावर भांडुपचा कारखाना:
पंपांच्या कंपनीला साठ वर्षं झाली,
साडेतीन मिनिटं हवीत, दिवाळीच्या आत.

शूटिंगला मी गेले होते.
ज्या शेडमध्ये विडी पेटवली तर पगार कापतात
तिथे धुराचं मशीन आणलं,
का, तर पत्र्याच्या भोकातून येणारं ऊन
गाभाऱ्यात उतरल्यासारखं उतरावं.
लेथवरच्या तोडणकरांना खोकला आला.
तो मी काढला. त्या जागी आता चेलो आहे.

ठिणग्या टिपल्या सेकंदाला एकशेवीस चित्रांनी,
म्हणजे एका सेकंदाचे पाच होतात,
आणि पाच सेकंद बघत राहिलं की कुठलंही काम
पूजा वाटायला लागतं.
त्यांची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची.
ती तेवढीच राहिली.
लेथचा खरा आवाज कर्कश, वापरता येईना;
मेल्विनने सायकलचं चाक फिरवून
आणि पितळी तांब्यावर चमचा घासून
नवा लेथ बनवला. खऱ्याहून खरा.
मग रंग: कातडीला जरा केशरी, सावल्यांना मोरपंखी.
भिंतीवरची ओल त्यात अशी मुरली
की मीटिंगमध्ये तिला सगळे वारसा म्हणू लागले.

"ही कंपनी म्हणजे माझं दुसरं घर."
विश्राम तोडणकर हे अकरा वेळा म्हणाले, चाकावर हात ठेवून.
सातव्यांदा मध्येच थांबले. बाहेर ट्रक मागे येत होता,
तो जाईपर्यंत गप्प उभे राहिले.
मी तोच टेक घेतला.
ट्रक पुसला, थांबणं ठेवलं.
आता वाटतं, कंठ दाटलाय.

एकच अडचण: ते डावीकडे बघत होते.
आपण वाचतो डावीकडून उजवीकडे,
म्हणून उजवीकडे बघणारा माणूस उद्याकडे बघतो
आणि डावीकडे बघणारा
घरी काहीतरी विसरून आल्यासारखा दिसतो.
मी चित्र उलटं केलं, आरशात दिसतं तसं.
आमच्यात याला फ्लॉप म्हणतात.
सिनेमा पडतो तो वेगळा.

कंपनीच्या लोकांनी चूक तत्काळ पकडली.
खिशावरचं कंपनीचं नाव उलटं झालंय!
जादा पैसे मोजून अक्षर न् अक्षर सरळ करून घेतलं.
मग सगळ्यांनी मिळून पाहिलं, दिवे घालवून.
ठकार मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं,
दोन मिनिटं अठरा सेकंदांवर,
जिथे भरून यावं अशी खूण मीच करून ठेवली होती.

पवईच्या हॉटेलात सोहळा झाला. टाळ्या, पनीर, आइस्क्रीम.
दुसऱ्या दिवशी फोन.
"तोडणकर बोलतोय, लेथवरचा. झकास केलंत हां मॅडम.
मी एवढा बरा दिसतो हे ठाऊक नव्हतं.
फक्त आमची मिसेस विचारत होती,
तुमचं बोट डाव्या हाताचं गेलं ना,
मग तिथे उजव्याचं कसं?"

मी शॉट उघडला.
चाकावर हात, केशरी उजेड,
तर्जनी दुसऱ्या पेराशी संपते.
साठेक वेळा तरी पाहिला असेल मी तो हात.
त्यांनीही पाहिलाच की. खिशापासून वीतभर अंतरावर.

"तांत्रिक कारण आहे," मी म्हटलं.
"असेल, असेल. आम्हाला काय कळतंय त्यातलं.
शहाण्णव साली गेलं, ह्याच मशीनवर.
कंपनीकडे फॉर्म असेल बघा, त्यात हात लिहिलाय."
मग ते थांबले.

मी कानाला फोन घट्ट लावला.
ट्रक नव्हता.