पेन्सिलीनं

दवाखान्यातून आणलेला कागद
तीन दिवस पिठाच्या डब्याखाली होता.
आज आरेग झोपल्यावर काढला.
पेन्सिल घेतली. पेन नाही.

नावानं हाक मारल्यावर बघतो का?
कधी बघतो. म्हणजे, एकदा.
त्या दिवशी दारही वाजलं होतं.

हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का?
माझं मनगट धरतो,
माझाच हात चिमट्यासारखा
मुरंब्याच्या बरणीपर्यंत नेतो.
माझ्या तोंडाकडे बघत नाही.
यासाठी कागदावर चौकोनच नाही.

खेळतो कसा?
जर्दाळूच्या बिया, खिडकीपासून चुलीपर्यंत.
झाडताना एक सरकली माझ्या हातून
तर रडून रडून निळा पडला.
एकेचाळीस बियांतली नेमकी कुठली हलली
हे त्याला ठाऊक होतं.

शेजारची सातेनिक म्हणते, मुलगे उशिराच बोलतात,
तिचा दीर चौथ्या वर्षी बोलला
आणि आता गप्प म्हणून बसत नाही.
मी हसले. कुणीतरी असं म्हणावं म्हणूनच तर
गरम लवाश घेऊन तिच्या दारी गेले होते.

आणि बोलत नाही असंही नाही.
ग्युमरी स्टेशनातली घोषणा
फलाटाच्या आकड्यासकट म्हणतो झोपेत शिरताना,
त्या बाईच्याच आवाजात.
'आई' तेवढी अजून कुठल्या गाडीनं आलेली नाही.

रविवारी रशियाहून गेवोर्गचा फोन.
कपाळावर हेल्मेटचा वळ.
आरेग, आरेग, इकडे बघ, राजा.
बर्फानं रेंज गेली, गेवोर्गचा चेहरा थिजला,
पडद्यावर ते गोल फिरायला लागलं
आणि आरेगनं मान वर केली.
डोळे एवढाले करून बघत राहिला.
आमचं चित्र तिकडे पोचत असावं;
आवाज परतला तेव्हा गेवोर्ग रडत होता:
बघितलंस? माझ्याकडे बघितलं त्यानं!

हो, म्हणाले मी.

नजरेला नजर देतो का?
इथे आधी 'हो' केलं होतं, गेवोर्गसाठी.
खोडलं.

मग उठले, दिवा खाली धरला,
आणि एकेक बी उलटी करून
तिच्या पोटावर आकडा घातला,
एक, दोन, थेट एकेचाळीसपर्यंत.
सकाळी साडेनवाची वेळ मिळालीय.
डॉक्टर ह्रिप्सिमेच्या खोलीत
फरशी कशी असेल, कोण जाणे.